इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी लेखातलं ठळक अवतरण (लेखातलंच वाक्य मोठ्या अक्षरात चौकटीत) मजकुरासोबत सरकत राहावं, यासाठी काय करावं?

अवतरणाची चौकट पानावर सुटी न ठेवता मजकुरात अँकर करा, म्हणजे मजकुरातल्या एका जागेला बांधा. सुटी चौकट पानाला बांधलेली असते, मजकुराला नाही, म्हणून वर दोन परिच्छेद वाढले तरी ती जुन्याच जागी राहते. अँकर केल्यावर पोझिशन 'कस्टम' निवडून टेक्स्ट रॅप (मजकूर चौकटीच्या कडेने वळवणं) चालू करा. इथेच बहुतेक जण अडकतात: रॅपचा परिणाम अँकर ज्या ओळीत आहे तिच्या खालच्या ओळींवरच होतो. म्हणून अँकर एक-दोन ओळी वर टाका, नाहीतर चौकट शेजारच्या ओळीवर चढते.

अवतरणाला स्वतंत्र पॅराग्राफ स्टाइल (परिच्छेदाची साठवलेली मांडणी) द्या आणि तिच्यात वर्ल्ड-रेडी कंपोझर, म्हणजे देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारा पर्याय, निवडा. तो नसेल तर 'कि'मधली वेलांटी 'क'च्या उजवीकडे जाऊन बसते, जोडाक्षरं फुटतात. रोज मराठी पानं लावताना मी पाळतो त्या आणखी दोन गोष्टी:

- ट्रॅकिंग (अक्षरांमधलं अंतर) वाढवू नका, शिरोरेषा तुटते. उठाव हवा तर जाड वजन वापरा. अक्षरं ओढून तिरपी केलेली वाईट दिसतात.
- १८ पॉइंटच्या अक्षराला २६-२७ पॉइंट लीडिंग (ओळींमधलं अंतर) द्या, म्हणजे वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला भिडत नाही. फाँटप्रमाणे एखादा पॉइंट इकडेतिकडे होईल.

मजकूर जुन्या बिगर-युनिकोड फाँटमध्ये असेल, तर कंपोझरचा मुद्दा लागू नाही. बाकी सगळं तसंच.