क्लाउड म्हणजे नक्की काय, आणि हे नाव आलं कुठून?

'फोटो क्लाउडवर आहेत म्हणजे कुठे आहेत, आणि त्याला क्लाउड का म्हणतात?' असं तुम्ही विचारलंय. फोटो असतात कुठल्या तरी इमारतीत, कुठल्या तरी कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे सतत चालू असणाऱ्या मोठ्या कॉम्प्युटरांवर. मी नवी मुंबईतल्या महापेच्या अशाच एका इमारतीत, म्हणजे डेटा सेंटरमध्ये, इलेक्ट्रिकल मेन्टेनन्सला आहे. ऐरोली, रबाळे, महापे या एमआयडीसी पट्ट्यात फिरलात तर जवळजवळ बिनखिडक्यांच्या, शेजारी डिझेल जनरेटरांची रांग असलेल्या इमारती दिसतील, त्यातली बरीच डेटा सेंटरच.

नाव आलं इंजिनिअरांच्या आकृत्यांमधून. आपल्या ताब्यातली यंत्रं ते चौकोनात नीट दाखवायचे. मधे टेलिफोन कंपनीचं किंवा दुसऱ्या कुणाचं जाळं असेल, तर त्याच्या पोटात शिरायची गरज नसायची. तिथे ढगाचा आकार काढला की काम झालं. पुढे इंटरनेटसाठी हीच खूण रूढ झाली. १९९६ मध्ये कॉम्पॅक या कॉम्प्युटर कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांत 'क्लाउड कॉम्प्युटिंग' हे शब्द सापडतात, पण ते बाहेर फिरले २००६ नंतर. त्या वर्षी ॲमेझॉनने साठवणुकीसाठी एस-थ्री आणि भाड्याच्या सर्व्हरसाठी ईसी-टू सुरू केलं, आणि ऑगस्टमध्ये गूगलचे तेव्हाचे प्रमुख एरिक श्मिट यांनी एका परिषदेत हा शब्द वापरला.

यात एक फरक सहसा कुणी सांगत नाही. जुन्या आकृतीत डेटा त्या ढगातून नुसता पलीकडे जायचा. आता तो तिथेच मुक्कामाला असतो आणि त्यावरची आकडेमोडही तिथेच होते. अर्थ बदलला, चित्र तेच राहिलं. विकणाऱ्यांना ते सोयीचंच, कारण चित्रात वजन दिसत नाही, वीजबिलही दिसत नाही.

आमचं सगळं काम त्या न दाखवलेल्या भागात चालतं. लाइट गेली की जनरेटर लोड घेईपर्यंतचे काही सेकंद यूपीएसच्या बॅटऱ्यांवर काढायचे असतात. सर्व्हर जेवढी वीज खातात तेवढी उष्णता ओकतात, म्हणून कूलिंग रात्रंदिवस चालू. नवी मुंबईच का, तर समुद्राखालच्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, बँकांसारखी मोठी गिऱ्हाइकं जवळ, आणि एमआयडीसीत जागा नि वीज मिळते.

तुमचे फोटो महापेलाच असतील असं मात्र नाही. सर्व्हर भाड्याने घेणाऱ्या कंपनीला रीजन, म्हणजे सर्व्हर कुठल्या भागातले हवेत ते, निवडता येतो; ॲमेझॉनचा मुंबई रीजन २०१६ पासून आहे. साध्या फोटो ॲपमध्ये तो पर्याय सहसा नसतो, आणि प्रतीही एकाहून जास्त ठिकाणी ठेवलेल्या असतात.