दमण्याआधी सोपव

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझी मेल मिळाली. आकडा दिला की तो मराठी अक्षरांत लिहून देणारी तुझी लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामांना वापरता येणारा तयार कोड, आता पतसंस्थांच्या पावत्यांपर्यंत पोचली आहे, याचा मनापासून आनंद झाला. पण तिच्यामागे तू एकटाच. नोकरी सांभाळून रात्री उशिरा बसतोस, तरी पुल रिक्वेस्टचा, म्हणजे लोकांनी कोडमध्ये सुचवलेल्या बदलांचा, ढीग हलत नाही, आणि आता आणखी वेळ कुठून काढू असं विचारतोस. आणखी वेळ काढूच नकोस. एकूण एक काम तुझ्याच हातून व्हावं लागतं, तिथे सगळं अडलंय.

त्या ढिगातली एक रिक्वेस्ट मी उघडून पाहिली. एका विद्यार्थिनीने शब्दांची लांबलचक यादी काढून त्याजागी नियम बसवला होता: शेवटी नऊ आला की पुढच्या दशकाच्या आधी ‘एकोण’ लावायचं. एकोणतीस, एकोणचाळीस, पार एकोणनव्वदपर्यंत बिनचूक. एकोणीस या नियमात बसत नाही हे ओळखून तो तिने वेगळा हाताळला होता. मात्र ९९ ला तिचा कोड ‘एकोणशंभर’ छापतो. तू लिहिलंस, “९९ तपासलेलं नाही. बंद करतोय.” चूक खरीच होती. पण त्यानंतर ती पोरगी फिरकलेली नाही, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण एकोणिसाचा विचार करणारं माणूस सहजासहजी मिळत नाही. “एकोणीस वेगळा काढलास ते छान केलंस. ९९ ला नव्याण्णव येईल असं कर, तेवढी एक टेस्ट जोड, मी तुझा बदल मूळ कोडात मर्ज करतो,” एवढं लिहायला दोन मिनिटं लागली असती. आजही लिहू शकतोस. लिहीच.

इथे कुणाला पगार नाही. आपण केलेलं कुणीतरी नीट वाचलं आणि ते लोकांच्या उपयोगी पडलं, एवढीच या माणसांची कमाई. म्हणून नवा कोड लिहायचा आणि इतरांचे बदल तपासून रिव्ह्यू करायचा यांत निवड करायची वेळ आली तर रिव्ह्यू आधी. लगेच जमत नसेल तर “रविवारी बघतो” असं कळव आणि रविवारी खरंच बघ. मर्ज केलेलं महिनोन्‌महिने रिलीजविना, म्हणजे नव्या आवृत्तीत न घालता, ठेवू नकोस. उबुंटू ही लिनक्सवरची ऑपरेटिंग सिस्टीम बघ, ती दर एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये नवी आवृत्ती काढते. जे तयार नसेल ते पुढच्या खेपेला जातं. तूही तिमाहीची एक तारीख ठरवून टाक.

आता सोपवण्याचं. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्राम, लिहायला घेतलं एप्रिल २००५ मध्ये, आणि त्याच वर्षी जुलैत त्याची देखभाल जुनियो हमानो यांच्या हाती दिली. गिट तेव्हा अगदी कोवळं होतं. तरी दिलं, कारण हमानो यांचं काम आणि त्यांची पारख टोरवाल्ड्सना दिसली होती. पुढची दोन दशकं हमानोंनी ते सांभाळलं. सोपवायचं तर असं, आपल्यात जोर असताना, समोरच्याचं काम डोळ्यांनी पाहून.

उलट बाजूही तुला ठाऊक असायला हवी. एक्सझेड ही फाइल लहान करणारी लायब्ररी असंख्य लिनक्स यंत्रांत असते, आणि तिचा भार मुख्यतः एकाच थकलेल्या मेंटेनरवर, म्हणजे देखभाल करणाऱ्यावर, होता. २०२२ मध्ये काही अनोळखी खात्यांनी त्याच्यामागे तगादा लावला: काम रखडलंय, कोड बदलण्याचे हक्क दुसऱ्याला दे. त्याच सुमारास जिया टॅन या नावाने कुणीतरी चिकाटीने मदत करत होतं. हक्क त्या नावाकडे गेले. २०२४ मध्ये ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा, म्हणजे यंत्रात गुपचूप शिरण्याची वाट, निघाला. आंद्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरला एसएसएच लॉगिन, म्हणजे दूरच्या यंत्रात शिरणं, जेमतेम अर्धा सेकंद जास्त घेतंय हे खटकलं, त्याने खोदून पाहिलं, म्हणून २९ मार्चला ते जगासमोर आलं.

त्या मेंटेनरला मी बोल लावणार नाही. वर्षानुवर्षं फुकट राबलेला माणूस होता तो. पण यातून कुणावरच विश्वास ठेवू नये असा अर्थ काढलास तर तू पुन्हा एकटाच पडशील, आणि एकटा, दमलेला माणूसच अशा तगाद्याला बळी पडतो. म्हणून हक्क टप्प्याटप्प्याने दे. आधी इश्यू, म्हणजे लोकांनी नोंदवलेल्या अडचणी, वर्गवार लावायचे, मग रिव्ह्यू, मग मर्ज. रिलीजची किल्ली सगळ्यात शेवटी, आणि कुठलाही बदल दुसऱ्या माणसाने पाहिल्याशिवाय आत जायचा नाही, तुझा स्वतःचासुद्धा. जो घाई करतो त्याला थांबव. डोमेन आणि पासवर्ड मात्र आजच आणखी एका विश्वासू माणसाकडे ठेव. उद्या तू आजारी पडलास तर पतसंस्थांनी जायचं कुठे?

आणि काही काळ जमत नसेल तर तसं उघड सांग. डेबियन ही लिनक्सवरचीच ऑपरेटिंग सिस्टीम १९९३ पासून स्वयंसेवकांवर चालतेय. त्यांच्या घटनेतच म्हटलंय की प्रकल्पाचं काम करण्याची सक्ती कुणावर नाही. ज्याला एखादं पॅकेज, म्हणजे त्यातला एखादा प्रोग्राम, सांभाळणं होत नाही तो ते ‘अनाथ’ म्हणून जाहीर करतो आणि दुसरं कुणी ते दत्तक घेतं. त्यात कमीपणा कुणी मानत नाही. गप्प राहून सहा महिने नाहीसं होणं प्रकल्पाला जास्त महागात पडतं.

या आठवड्यात एकच कर. रिलीज कसं काढायचं ते पहिल्या कमांडपासून शेवटच्या कमांडपर्यंत फाइलमध्ये लिहून काढ. सध्या ते फक्त तुझ्या डोक्यात आहे. पुढचं रिलीज त्या फाइलवरून दुसऱ्या कुणालातरी काढू दे, किल्ली तुझ्याकडे ठेवून. तू शेजारी बस, कीबोर्डला हात लावू नकोस. जिथे तो अडेल तिथे फाइल दुरुस्त कर. तारीख ठरली की मला कळव, त्या संध्याकाळी मी फोनवर आहे.

तुझा,
एक जुना मेंटेनर