कोकणात घरच्या घरी एसएमडी बोर्ड जोडताना: आधी दमटपणाचा बंदोबस्त, मग यंत्रे

आपल्याला रत्नागिरीजवळ राहून आंब्याच्या बागांतील तापमान आणि आर्द्रता नोंदवणाऱ्या उपकरणाचे पाच ते दहा बोर्ड एका वेळी घरीच जोडायचे आहेत. त्यांतले भाग एसएमडी, म्हणजे बोर्डाच्या पृष्ठभागावरच सोल्डर होणारे आहेत: ०६०३ आकाराचे रेझिस्टर-कपॅसिटर, एक क्यूएफएन आयसी (बाहेर पाय नसलेली, खालच्या बाजूला धातूचे पॅड असलेली चिप) आणि आर्द्रतेचा सेन्सर. तेव्हा भाग उचलून बोर्डावर ठेवणारे पिक-अँड-प्लेस यंत्र आधी घ्यावे की सोल्डर पेस्ट वितळवून ते जोडणारा रिफ्लो ओव्हन, असे आपण विचारले आहे. माझ्या मते पिक-अँड-प्लेस यंत्राचा विचार सध्या सोडून द्यावा. दहा बोर्डांसाठी फीडर (यंत्राला भाग पुरवणारे साचे) भरून यंत्राची जुळवणी करण्यात जेवढा वेळ जातो, तेवढ्यात चिमटा आणि व्हॅक्यूम पेन यांनी सगळे भाग बसवून होतात. ०६०३ म्हणजे १.६ बाय ०.८ मिलिमीटर, चांगला उजेड आणि दहापट मोठे दाखवणारा स्टिरिओ मायक्रोस्कोप असला की सवयीने हात बसतो.

आपल्या किनाऱ्यावर पहिला खर्च दमटपणाच्या बंदोबस्तावर करावा, असे मी आग्रहाने सांगेन. आयसीचे प्लास्टिक हवेतील ओलावा शोषून घेते. पाकिटावर एमएसएल (ओलावा किती बाधतो ते सांगणारी पातळी) ३ असे लिहिले असेल, तर ते फोडल्यापासून १६८ तासांत भाग जोडायचा असतो. पण हा हिशेब ३० अंश सेल्सिअस आणि ६० टक्के आर्द्रतेपर्यंतच्या खोलीचा आहे. जुलैमध्ये आपल्या घरांत आर्द्रता त्याच्या कितीतरी वर असते, त्यामुळे त्या तासांवर विसंबता येत नाही. आत मुरलेल्या पाण्याची रिफ्लोच्या उष्णतेत वाफ होते आणि आयसीचे थर आतल्या आत सुटतात. बाहेरून पुष्कळदा काहीच दिसत नाही. एका पावसाळ्यात मी दोन आठवडे उघडे राहिलेले आयसी तसेच बसवले. बोर्ड चाचणीत उत्तम चालले आणि आठवड्याभरात त्यांतले दोन बंद पडले. कारण शोधण्यात माझे जे दिवस गेले, ते आपले जाऊ नयेत.

आगोटीच्या सामानाला आपल्याकडे जशी हवाबंद बरणी लागते, तशीच या भागांनाही लागते. घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि आर्द्रतेचा रंग दाखवणारे कार्ड एवढ्यावर सुरुवात होते. मुदत उलटलेले आयसी १२५ अंशांवर भाजून घ्यावेत. किती तास, ते त्यांच्या जाडीवर आणि एमएसएल पातळीवर ठरते आणि जे-एसटीडी-०३३ या मानकाच्या तक्त्यात दिलेले असते. भाग ज्या टेपमध्ये भरून येतात तिचे प्लास्टिक ही उष्णता सोसत नाही, म्हणून भाग आधी टेपमधून काढून घ्यावेत.

सोल्डर पेस्टच्या (सोल्डरचे बारीक कण आणि फ्लक्स यांच्या लगद्याच्या) बाबतीत बहुतेकांची चूक एकच होते: डबी फ्रिजमधून काढून लगेच उघडली जाते. थंड पेस्टवर दमट हवेतले पाणी धरते आणि वितळताना ते उसळून सोल्डरचे बारीक गोळे सर्वत्र उडतात. डबी न उघडता सुमारे चार तास बाहेर ठेवावी. प्रोटोटाइपसाठी ६३/३७ (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसे) ही शिसेयुक्त पेस्ट सोपी पडते, कारण ती १८३ अंशांवर वितळते, तर एसएसी ३०५ या बिनशिशाच्या पेस्टला २१७ अंशांच्या पुढे जावे लागते. मात्र काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत, आणि या कामाचा फ्रिज वा ओव्हन अन्नासाठी कधीही वापरू नये.

पेस्ट फक्त पॅडांवर लागावी म्हणून छिद्रे पाडलेला पत्रा, म्हणजे स्टेन्सिल, लेझरने कापलेली, ०.१ मिलिमीटर जाडीची, स्टीलची घ्यावी. क्यूएफएनच्या मधल्या मोठ्या पॅडवर एकच मोठे छिद्र न ठेवता छोट्या चौकोनी खिडक्या ठेवाव्यात, म्हणजे तिथे निम्म्या ते दोन-तृतीयांश भागावरच पेस्ट बसते. अन्यथा आयसी पेस्टवर तरंगतो आणि कडेचे पॅड न जुळता राहतात.

ओव्हन साधा चालेल, पण घड्याळ लावून भाजू नये. विजेचा दाब २३० व्होल्टवरून १९० वर आला की हीटरची शक्ती सुमारे ६८ टक्के उरते, आणि पावसाळ्यात असे वारंवार घडते. म्हणून ‘के’ प्रकारचे थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) उष्णता सोसणाऱ्या कॅप्टॉन टेपने एका टाकाऊ बोर्डावर चिकटवून खऱ्या तापमानावरच चालावे: ६३/३७ साठी १५० अंशांपर्यंत सावकाश, पुढे दीडेक मिनिट धिम्या चढाने, मग २१० ते २२० चे शिखर, आणि १८३ च्या वर साधारण एक मिनिट.

खाऱ्या हवेत बोर्डावर राहिलेला फ्लक्स (सोल्डर नीट धरावे म्हणून पेस्टमध्ये असलेले रसायन) ओलावा ओढतो आणि शेजारच्या पायांमध्ये विजेची गळती सुरू होते, म्हणून एरवी मी बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन त्यावर अ‍ॅक्रिलिक लेप देतो. आपल्या बोर्डावर मात्र आर्द्रतेचा सेन्सर आहे, आणि त्याच्या छिद्रात अल्कोहोल किंवा लेप गेला तर त्याच्या आकड्यांवर विश्वास ठेवता येत नाही. त्यासाठी आधी बाकीचा बोर्ड जोडून धुवावा, सेन्सर शेवटी नो-क्लीन (फ्लक्स धुवावा न लागणाऱ्या) पेस्टने गरम हवेवर बसवावा, आणि लेप देण्यापूर्वी त्याच्या छिद्रावर कॅप्टॉन टेपचा तुकडा लावून लेप वाळल्यावर तो आठवणीने काढावा.