पिकअपमधला सबवूफर: हप्त्यावर घ्यावा की थांबावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. डबल कॅब पिकअप आहे, तिच्या कर्जाचे १८ हप्ते अजून बाकी आहेत. कामाला जाताना मागच्या सीटवर दोन माणसं बसतात. तुम्हाला १२ इंची दोन सबवूफर (खालचे, घुमणारे सूर वाजवणारे मोठे स्पीकर), त्यांची तयार पेटी आणि खोक्यावर ‘२००० वॉट’ छापलेला ॲम्प्लिफायर असा संच आवडलाय. पैशांच्या दोन वाटा दिसतात: १२ टक्के फ्लॅट दराने २४ महिन्यांचे हप्ते, नाहीतर अडीअडचणीसाठी ठेवलेली, जेमतेम दीड महिना घर चालेल एवढी शिल्लक. यातली कुठली वाट धरावी, असं विचारलंय.

माझं मत स्पष्ट सांगतो: दोन्ही नको, आणि हा संचही नको. सबवूफर मात्र जरूर घ्या. दिवसाचे चार-पाच तास तुम्ही गाडीत काढता, तिथल्या आवाजावर खर्च करण्यात मला काहीच गैर वाटत नाही.

आधी हप्त्याचं बघू. संचाची किंमत १०० भाग धरा. फ्लॅट दरात व्याज शेवटपर्यंत पूर्ण १०० भागांवर लागतं, निम्मं कर्ज फेडून झालं तरी. दोन वर्षांत तुम्ही १२४ भाग भरता, म्हणजे महिन्याला ५.१७. हाच हप्ता घटत्या शिलकीच्या हिशोबात, म्हणजे फक्त उरलेल्या कर्जावर व्याज धरून मांडला तर दर वर्षाला सुमारे २१.६ टक्के पडतो. दुकानदार ‘बिनव्याजी १२ हप्ते’ म्हणाला तर एकच विचारा: रोख दिले तर किती सोडाल? तो ८ टक्के सोडायला तयार असेल, तर त्या बिनव्याजी योजनेचा खरा दर साडेपंधरा टक्क्यांच्या आसपास जातो. प्रोसेसिंग फी असेल तर ती आणखी वर.

घरच्या शिलकीला हात लावू नका, कारण ती आधीच तोकडी आहे. कमाई गाडीवर आणि गाडी कर्जावर, अशा माणसाकडे किमान तीन महिन्यांचा खर्च बाजूला हवा. क्लच गेला, गाडी आठवडाभर गॅरेजमध्ये राहिली, तरी बँकेचा हप्ता थांबत नाही.

आता संचाकडे वळतो, कारण पैसे खरे तिथे अडकतायत. तुम्ही ॲम्प्लिफायरच्या फ्यूजचा फोटो पाठवलात ते फार बरं केलंत. त्यावर ३० अँपिअरचे दोन फ्यूज दिसतात. म्हणजे तो सलग ६० अँपिअरपेक्षा जास्त ओढूच शकत नाही. इंजिन चालू असताना साधारण १३.८ व्होल्ट मिळतात. ६० गुणिले १३.८ म्हणजे ८२८ वॉट आत गेले. क्लास डी, म्हणजे कमी वीज वाया घालवणाऱ्या प्रकारचा ॲम्प्लिफायर त्यातले ८० टक्के बाहेर काढतो असं धरलं तरी ६६० वॉट होतात. क्लास एबी (जास्त वीज उष्णतेत घालवणारा प्रकार) असेल तर ४५० सुद्धा अवघड. मग २००० हा आकडा कुठून आला? तो क्षणभराच्या कमाल शक्तीचा आहे. खरेदी करताना आरएमएस वॉट, म्हणजे सलग देता येणारी शक्ती बघायची. तो आकडा पटत नसेल, तर हा फ्यूजचा गुणाकार दुकानात उभ्या उभ्या करता येतो.

खरोखरचे १००० वॉट आरएमएस घेतले तरी हाती काय लागतं? ॲम्प्लिफायरची शक्ती दुप्पट केली की आवाज ३ डेसिबलने वाढतो. कानाला ‘दुप्पट’ वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट शक्ती. ५०० वरून १००० वर गेलात तर फरक कळेल, पण तो ‘थोडा वाढला’ एवढाच. खर्च मात्र सगळीकडे वाढतो. पूर्ण जोरात १००० वॉटला ९० अँपिअर लागतात. तुमचा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज तयार करणारा भाग) १२० अँपिअरचा आहे, आणि हेडलाइट, एसीचा ब्लोअर, पंखे, वायपर हे सगळं मिळून त्यातला मोठा वाटा आधीच खातं. शिवाय इंजिन मंद फिरत असताना तो १२० देतच नाही. गाण्यात सरासरी मागणी पूर्ण जोराच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असते हे खरं, पण प्रत्येक ठोक्याला व्होल्टेज पडतं, दिवे लुकलुकतात आणि बॅटरीचं आयुष्य घटतं. मग मोठी बॅटरी, जाड केबल, पुढे अल्टरनेटर. हे खर्च कोटेशनमध्ये कधीच नसतात.

जागेचा हिशोब तर याहून सरळ आहे. १२ इंची सबवूफरला बंद पेटीत साधारण २८ लिटर लागतात, पोर्ट (हवा जायचं भोक) असलेल्या पेटीत ५० ते ६०. दोन घेतले की ती पेटी मागच्या सीटच्या जागी बसणार आणि दोन माणसांची सोय जाणार. त्यांना न्यायला दुसरी गाडी करावी लागली तर तो खर्चही याच सबवूफरच्या नावावर मांडा. पेटी मागच्या हौद्यात ठेवायचा विचार मनात आला असेल तर तोही सोडा. पाऊस, धूळ, चोरी हे आहेच, पण केबिनची मागची भिंत मध्ये आल्यावर तिथला आवाज तुमच्यापर्यंत नीट पोहोचत नाही.

तुम्ही सीटखालची जागा मोजून पाठवलीत: ७० × ३४ × २० सेंटिमीटर. वर ३ सेंटिमीटर मोकळे सोडले, नाहीतर सबवूफरचा पडदा सीटच्या तळाला आपटेल, तर पेटी १७ उंच होते. १८ मिलिमीटर एमडीएफची जाडी दोन्ही बाजूंनी वजा केली की आतलं माप ६६.४ × ३०.४ × १३.४, म्हणजे २७ लिटर. सबवूफरचं बूड आणि आतला आधार यांचे तीन लिटर वजा करा, २४ उरतात. बहुतेक उथळ बांधणीच्या १० इंची सबवूफरना बंद पेटीत १४ ते २० लिटर पुरतात, तेव्हा एक अगदी आरामात बसतो. नेहमीच्या बांधणीचा घेऊ नका. त्याची खोली १४-१५ सेंटिमीटर असते; आतले १३.४ आणि वरच्या फळीची जाडी मिळून १५.२ च होतात, म्हणजे चुंबकामागे जागा जवळपास उरतच नाही. पेटी कापायच्या आधी माहितीपत्रकातली ‘माउंटिंग डेप्थ’ (पेटीत किती आत जातो ती खोली) बघा, मागचं चुंबक तळाला टेकता कामा नये.

एकच १० इंची, तोही बंद पेटीत, म्हणजे कमी पडेल अशी शंका येईल. इथे पिकअपची छोटी केबिन तुमच्या बाजूने आहे. बंद पेटीतला आवाज एका मर्यादेखाली दर सप्तकाला १२ डेसिबलने उतरत जातो, आणि लहान बंदिस्त जागा नेमके तेच खालचे सूर उचलून धरते, त्यामुळे ही घट बऱ्याच अंशी भरून निघते. मोठ्या गाडीत हा फायदा इतका मिळत नाही.

तर माझी मांडणी अशी, त्याच १०० भागांच्या मापात. उथळ १० इंची सबवूफर, ४०० वॉट आरएमएस, ४ ओहमच्या दोन कॉइलचा (कॉइल म्हणजे पडदा हलवणारं तारेचं वेटोळं, ओहम म्हणजे तिचा विजेला होणारा विरोध): १७ भाग. पेटी: ८. एका चॅनेलचा क्लास डी ॲम्प्लिफायर, २ ओहमला ४०० ते ५०० वॉट आरएमएस देणारा: १५. वायर, फ्यूज, लग (वायरच्या टोकाला लावायच्या धातूच्या कड्या): ९. कंपनीचाच स्टिरिओ ठेवताय म्हणून लाइन आउटपुट कन्व्हर्टर (स्टिरिओच्या स्पीकर वायरीतला संकेत ॲम्प्लिफायरला चालेल असा करणारा): ४. केबिनच्या मागच्या भिंतीला लावायची ब्युटाइल शीट (पत्र्याचा खडखडाट दाबणारी चिकट शीट): ४. मजुरी: ८. एकूण ६५. तुमच्या आवडत्या संचाच्या १०० भागांत कन्व्हर्टर, धड तांब्याची वायर आणि मजुरी धरलेलीच नाही. तो गाडीत बसेपर्यंत सव्वाशेच्या घरात जाईल.

कॉइलचं नीट समजून घ्या, कारण इथे चुकीची खरेदी सर्रास होते. ४ ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडल्या की २ ओहम, एकापुढे एक जोडल्या की ८. दोन ओहमच्या दोन कॉइलचा सबवूफर घेतलात तर समांतर १ ओहम होतो, आणि २ ओहमपर्यंतच चालणारा ॲम्प्लिफायर त्यावर तापून बंद पडतो, कधी जळतोही. एकापुढे एक जोडल्या तर ४ ओहम होतो आणि तोच ॲम्प्लिफायर बराच कमी वॉट देतो. जास्तीच्या वॉटचे पैसे वाया.

सगळ्या यादीत वायरवर काटकसर करू नका. वायर एकदा कार्पेटखालून गेली की बदलायला पुन्हा सगळं उचकटावं लागतं. ४०० वॉटला सुमारे ३६ अँपिअर लागतात. ४ गेज, म्हणजे २१ चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची ५ मीटर वायर घेतली तर वाटेत जेमतेम ०.१५ व्होल्ट जातात. स्वस्त किटमधल्या ८ गेजच्या (गेजचा आकडा मोठा तशी वायर बारीक), वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम असलेल्या वायरीत तेवढ्याच करंटला जवळपास ०.६ व्होल्ट जातात, आणि ती गरमही होते. वायरचं टोक ब्लेडने खरवडून बघा. आत चंदेरी दिसलं तर परत करा. बाहेरून जाड दिसण्यावर जाऊ नका, बऱ्याचदा जाडी प्लॅस्टिकचीच असते.

बसवणाऱ्याला या गोष्टी लिहूनच द्या. मुख्य फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत, ६० अँपिअरचा. तो वायरीला आग लागू नये म्हणून असतो, ॲम्प्लिफायरजवळ लावून उपयोग नाही. इंजिनकडून केबिनमध्ये वायर येते तिथे रबरी ग्रोमेट हवाच, नाहीतर पत्र्याची कड वायर कापते. अर्थिंगची वायर तेवढीच जाड, शक्यतो ४५ सेंटिमीटरच्या आत, आणि रंग पूर्ण खरवडून उघड्या पत्र्यावर. सीटबेल्टच्या बोल्टला हात लावू देऊ नका. पिकअपची केबिन चेसिसवर रबरी पॅडवर बसलेली असते, त्यामुळे केबिन ते चेसिस आणि चेसिस ते बॅटरी या अर्थ पट्ट्या गंजलेल्या नाहीत ना, तेही पाहून घ्या. आरसीए केबल (ॲम्प्लिफायरला आवाजाचा संकेत नेणारी) पॉवर वायरच्या विरुद्ध बाजूने न्यायची. इंजिनच्या वेगाबरोबर चढउतरणारी शिट्टी ऐकू आली तर दोष बहुधा अर्थिंगचा असतो, ॲम्प्लिफायर बदलायची घाई नको.

केबिनच्या मागच्या भिंतीत हवा जायच्या प्लॅस्टिकच्या झडपा असतात. त्या झाकू नका, फक्त आजूबाजूच्या पत्र्याला शीट लावा. बराचसा खडखडाट त्या पत्र्यातूनच येतो, आणि तो गेला की तोच सबवूफर जास्त चांगला वाटायला लागतो. चार भागांत मिळणारा एवढा फायदा दुसऱ्या कशात नाही.

ॲम्प्लिफायरवरचं गेनचं बटण म्हणजे आवाजाचं बटण नव्हे; स्टिरिओकडून आलेला संकेत किती वाढवायचा ते त्याने ठरतं. सबवूफर सोडवून ठेवा, बास बूस्ट शून्यावर, लो पास (ठरवलेल्या आकड्याखालचेच सूर पुढे सोडणारी गाळणी) ८० हर्ट्झच्या वर, स्टिरिओचा आवाज तीन चतुर्थांशावर. ५० हर्ट्झचा सलग टोन लावा, ॲम्प्लिफायरच्या आउटपुटवर मल्टिमीटरने एसी व्होल्ट मोजा आणि २८ व्होल्ट येईपर्यंत गेन हळूहळू वाढवा (४०० वॉट गुणिले २ ओहम, त्याचं वर्गमूळ २८.३). मग थांबा, सबवूफर जोडा आणि लो पास ८० वर आणा. गेन पूर्ण फिरवून ठेवला की लहरींची टोकं कापली जातात, कॉइल तापते, आणि ‘सबवूफर उडाला’ म्हणून माणूस नवा घेतो. सबवूफर जोडल्यावर आवाज फाटका वाटला तर गेन थोडा कमी करायचा.

पैसे असे उभे करा. ५.१७ भागांचा हप्ता भरायची तुमची तयारी आहेच, तोच दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाका. तिसऱ्या महिन्यात वायर, फ्यूज आणि शीट यांचे १३ भाग सहज निघतात. गाडी एखाद्या कामासाठी उघडली जाणार असेल तर तेव्हाच वायर टाकून घ्या, पण दुसरं टोक टेपने बंद करून, फ्यूज काढून ठेवा. तेराव्या महिन्यात ६५ पूर्ण होतात. चोविसाव्या महिन्यापर्यंत तेच चालू ठेवलंत तर ५९ भाग उरतात, ते सरळ अडीअडचणीच्या शिलकीत जाऊ द्या.

एवढं थांबायचं नसेल तर सबवूफर जुना घ्यायला हरकत नाही. मल्टिमीटरने प्रत्येक कॉइल मोजा. ४ ओहमची कॉइल ३.२ ते ३.८ दाखवते. दोन्ही आकडे जवळपास सारखे हवेत. पडदा चारी बोटांनी समतोल दाबा, खरखर लागली किंवा जळका वास आला तर सोडून द्या. ॲम्प्लिफायर मात्र वॉरंटीसह नवाच, आणि वायर तर नेहमी नवीच.

गाडी विकताना या सगळ्याचे जवळपास काहीच मिळत नाहीत. म्हणून कंपनीची वायरिंग कापू देऊ नका, जोडणीचा हार्नेस (वायर न कापता जोडायचा तयार प्लग-वायरचा संच) वापरा, आणि विकायच्या आधी सबवूफर व ॲम्प्लिफायर काढून वेगळे विका. विमा कंपनीला बाहेरून बसवलेल्या उपकरणांची नोंद लागते का, आणि गाडीच्या वॉरंटीवर परिणाम होतो का, हे दोन्ही बसवण्याआधी लेखी विचारा.

माझं मत कधी बदलेल तेही सांगतो. मागची सीट तुम्हाला खरंच लागत नसेल, अल्टरनेटर १८० अँपिअर किंवा त्याहून मोठा असेल, गाडीचं कर्ज फिटलेलं असेल आणि शिल्लक तीन महिन्यांची झाली असेल, तर दोन १२ इंची आणि खरे १००० वॉट आरएमएस रोखीने घ्या. तेव्हा वायर १/० गेज, म्हणजे ५३ चौरस मिलिमीटरची लागेल. तेवढं पुढे नक्की करायचं ठरलं असेल, तर आत्ताच तीच वायर टाका. ९ भागांचे १६-१७ होतील, पण कार्पेट दुसऱ्यांदा उचलावं लागणार नाही.