आरती येते, मग पाणी का मागता येत नाही?

प्रश्न : माझे सासरे ६७ वर्षांचे, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. मार्चमध्ये त्यांच्या अंगावरून वारं गेलं, उजवा हात-पाय लुळा पडला. आता काठी घेऊन अंगणात फिरतात, पण बोलणं गेलंय. काही विचारलं की 'तेच, तेच' एवढंच. पाणी हवं असलं की 'चष्मा' म्हणतात आणि चष्मा दिला की चिडतात. पाटी-पेन्सिल दिली, ती भिरकावली. आणि गणपतीत अख्खी आरती खणखणीत म्हटली! आमच्या ह्यांना शिव्याही स्पष्ट देतात. नणंद म्हणते, दादा मुद्दाम करतात. त्यांना बाराखडीपासून शिकवू का?
– एक सून, कराड

उत्तर : नणंदबाईंना सांगा, दादा नाटक करत नाहीत. याला अफेझिया म्हणतात, मराठीत वाचाघात. बहुतेकांच्या मेंदूत भाषेचं काम डावी बाजू बघते आणि उजवा हात-पायही तीच चालवते, म्हणून दोन्ही एकदम गेलं. आरती, आकडे, पाढे, शिव्या वर्षानुवर्षं घोटलेल्या असतात. त्या जुन्या सवयीनं आपसूक बाहेर पडतात. 'पाणी' हा शब्द मात्र ऐन वेळी शोधून आणावा लागतो, आणि तिथंच घोडं अडतं. लिहिणं हीसुद्धा भाषाच, त्यामुळे पाटीचा उपयोग होत नाही.

पॅरिसमध्ये १८६१ साली डॉ. ब्रोका यांच्यासमोर असाच एक रुग्ण आला होता. काहीही विचारा, 'ताँ, ताँ' म्हणायचा. फार चिडला की एक शिवी मात्र बिनचूक! रुग्णालयात किती वर्षं झाली, असं विचारल्यावर त्यानं डाव्या हाताचा पंजा चार वेळा उघडला आणि मग एक बोट दाखवलं. एकवीस. हिशेब बरोबर होता. काही दिवसांत तो वारला, तेव्हा मेंदूच्या डाव्या बाजूला, पुढच्या भागात बिघाड सापडला. तो भाग आजही ब्रोकाच्याच नावानं ओळखतात.

बाराखडी नको. तुमचे सासरे पहिलीत गेलेले नाहीत. मीही नवखी असताना एका आजोबांपुढे कंगवा धरून तीनदा 'हे काय?' विचारलं होतं. चौथ्यांदा विचारायच्या आत कंगवा माझ्या कपाळावर बसला. बरोबरच होतं त्यांचं. परीक्षा घेतल्यासारखं विचारलं की आलेला शब्दही पळतो.

त्यापेक्षा त्यांच्या ओळखीच्या वाटेनं जा. ते चिपळूण गाडीवर असतील तर तुम्ही 'कराड, मल्हारपेठ...' म्हणून थांबा. मनात दहापर्यंत मोजा. 'पाटण' आलं नाही तर नुसतं 'पा' म्हणा. मग तांब्या समोर ठेवून तसंच 'पाणी'चं करा. थांबे म्हणता आले म्हणजे बोलणं आलं, असं मात्र समजू नका. ती नुसती सुरुवात.

टीव्ही बंद करून, एका वेळी एकच छोटं वाक्य बोला. आवाज चढवू नका, कान शाबूत असतील तर ओरडून काय होणार? त्यांच्या 'हो'वरही लगेच विसंबू नका. 'नाही' म्हणायचं असताना तोंडातून 'हो' निघतं. चहा आणि पाणी दोन्ही समोर ठेवा, डाव्या हातानं दाखवू द्या.

पहिल्या काही महिन्यांत सुधारणा जास्त वेगानं होते, पण नंतर ती थांबते असं नाही. वाचा-उपचारतज्ज्ञांना लवकर दाखवा. मुंबईला येणं जमलं तर वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत ही सोय आहे. रक्तदाबाची गोळी मात्र एक दिवसही चुकवू नका.

आणि ह्यांना सांगा, शिव्या मनावर घेऊ नका. सध्या सासऱ्यांच्या तोंडून बिनचूक निघणारे शब्द तेवढेच आहेत.