बेस गिटारच्या जुन्या तारा उकळून परत नव्यासारख्या वाजतात का?

वाजतात, पण फार दिवस नाही. तुम्ही लिहिलंय की सेट राउंडवाउंड आहे, सात-आठ महिने झालेत, आवाज पार बसलाय आणि नवीन चांगला सेट म्हटलं की दोन हजारांच्या पुढे जातो म्हणून उकळायचा विचार चाललाय. मी म्हणेन उकळू नका, स्पिरिटमध्ये म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवा, आणि त्याच्याही आधी तार नुसती मळलीये की खरंच संपलीये ते बघून घ्या, कारण मळ निघतो, झिजलेली तार परत येत नाही.

राउंडवाउंड तारेत मधे स्टीलची तार असते आणि तिच्यावर दुसरी बारीक तार गुंडाळलेली असते, बहुतेक वेळा निकेल चढवलेल्या स्टीलची नाहीतर स्टेनलेस स्टीलची. त्या वेढ्यांच्या मधल्या खाचांत घाम, बोटांचं तेल, कातडीचा भुगा जाऊन बसतो. मुंबई, कोकण, गोवा अशा दमट हवेत तर हे फार पटकन होतं. हा मळ तारेचं हलणं दाबतो आणि सगळ्यात आधी वरच्या फ्रिक्वेन्सी जातात, म्हणजे खालच्या ई तारेचा 41 हर्ट्झचा मूळ सूर तसाच ऐकू येतो पण त्याच्यावरची ती पियानोसारखी चमक गायब होते, स्लॅप केलं, म्हणजे अंगठ्याने तार ठोकली, तर नुसता धप्प आवाज. शिवाय मळ सगळीकडे सारखा नसतो, त्यामुळे तारेचं वजन कमी-जास्त होतं आणि वरच्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) सूर हलायला लागतो.

तपासायचं असं. तार थोडी सैल करून तिच्या खालच्या बाजूने नख फिरवा. फ्रेटच्या जागी खड्डे किंवा चपटे भाग लागले, किंवा कुठे लाल गंज दिसला, कुठे वेढा सुटलेला दिसला, तर त्या तारेवर वेळ घालवू नका. खड्डे नसतील तर ती साफ करण्यासारखी आहे. साफ करून परत चढवल्यावर बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक वाजवा, म्हणजे तार न दाबता बोट नुसतं टेकवून, आणि मग तीच जागा दाबून वाजवा, ट्यूनरवर दोन्ही जुळायला पाहिजेत, ब्रिजचं सॅडल (तार जिथे टेकते तो छोटा तुकडा) मागेपुढे करूनही जुळत नसतील तर ती तार बदलायचीच.

आता स्पिरिटचं. पाण्याने तेल नीट सुटत नाही, अल्कोहोलने सुटतं आणि ते पटकन उडून जातं, आत ओल राहत नाही, म्हणून गंजाची भीती जवळजवळ नाही. 99 टक्के आयसोप्रोपिल घ्या, मोबाइल रिपेअरवाले बोर्ड पुसायला जे वापरतात तेच, आयपीए म्हणून मागितलं की देतात, मुंबईत लॅमिंग्टन रोडला नाहीतर पुण्यात बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारा. सॅनिटायझर नको, त्यात बऱ्याचदा ग्लिसरीन असतं आणि तार चिकट होते. हार्डवेअरच्या दुकानातून एक इंची पीव्हीसी पाइपचा चारेक फुटी तुकडा घ्या, एका तोंडाला कॅप सोल्युशनने पक्की चिकटवा, एक दिवस वाळू द्या, दुसऱ्या तोंडाला आट्यांची कॅप लावा. चारही तारा आत सरळ सोडायच्या, त्या बुडतील एवढं आयपीए ओतायचं, साधारण अर्धा-पाऊण लिटर लागतं, झाकण घट्ट लावून एक दिवस उभं ठेवायचं, मधे मधे हलवायचं. बाहेर काढल्यावर जुन्या सुती फडक्याने जोर लावून पुसा, फडकं काळंकुट्ट होईल. उरलेलं आयपीए फेकू नका, गाळ खाली बसतो, वरचं गाळून परत वापरता येतं, म्हणजे खरा खर्च पहिल्यांदाच आहे. फक्त हे भयंकर ज्वालाग्राही आहे, खिडक्या उघड्या ठेवा, गॅस आणि देवघरातला दिवा या दोन्हींपासून लांब, आणि कोणी कितीही सांगू दे, गरम अजिबात करायचं नाही.

उकळण्याचं म्हणाल तर उद्या कार्यक्रम आहे आणि आज तारा मेल्यात अशा वेळी ठीक आहे. आरओचं पाणी घ्या, बोअरिंगच्या पाण्याचे क्षार खाचांत बसतात, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाका, दहा मिनिटं उकळा, साध्या पाण्यातून काढा आणि लगेच हेअर ड्रायरने कोरडं करा, पावसाळ्यात नुसत्या पंख्याखाली ठेवून भागत नाही, आतली स्टीलची तार आतूनच गंजायला लागते. व्हिनेगर टाका असं बरेच जण सांगतात, मी टाकणार नाही, ॲसिडने निकेलचा थर खराब होतो. एवढं करून चमक काही दिवस, फार तर आठवडा-दोन आठवडे राहते, स्पिरिटची त्यापेक्षा जास्त टिकते. कोटिंगवाल्या, म्हणजे वरून पातळ थर चढवलेल्या तारा उकळायच्या नाहीत.

कुठलाही उपाय करा, तार कमकुवत होते ती मुख्यतः काढता-घालताना, पेगला (तार ताणायच्या खुंटीला) जिथे वळते तिथे. म्हणून पेग फिरवून पूर्ण सैल करा, ओढून काढू नका, टोकाची नागमोडी सरळ करायला जाऊ नका, परत चढवताना तीच वळणं त्याच जागी बसवा. जी तार पातळ, तिला जास्त सांभाळा. चारही तारा एकदम काढल्या म्हणून नेक मोडत नाही, पण 70-80 किलोचा ताण एकदम जातो आणि परत येतो, तेव्हा चढवल्यावर थोडा वेळ थांबून मगच ॲक्शन (फ्रेटपासून तारेची उंची) बघा.

खरी बचत मात्र रोजच्या पुसण्यात आहे. वाजवायच्या आधी हात साबणाने धुवायचे, वाजवून झालं की कोरडं फडकं तारेच्या खालून घालून पूर्ण लांबीभर ओढायचं, एवढ्याने सेटचं आयुष्य सहज वाढतं आणि खर्च शून्य. तारा गिटारवर असताना स्पिरिटने पुसणार असाल तर फडकं नुसतं ओलसर करा आणि खाली दुसरं कापड घाला, फ्रेटबोर्डचं लाकूड कोरडं पडतं आणि काही पॉलिश विरघळतात.

आणि तुम्ही जुनी फिल्मी गाणी किंवा भावगीतं जास्त वाजवत असाल, स्लॅप फारसं नसेल, तर पुढचा सेट फ्लॅटवाउंड घ्या. सुरुवातीला महाग पडतो, पण वरची पट्टी सपाट असल्यामुळे मळ धरायला खाचाच नसतात, वर्षानुवर्षं चालतो. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचे बेसवादक जेम्स जेमरसन फ्लॅटवाउंडच वाजवायचे आणि तार तुटल्याशिवाय बदलायचे नाहीत, तो गोल भरीव आवाज जुन्या तारांचाच आहे.