लंडनच्या हायगेट कबरस्तानात गाईडबरोबर फिरणं पैसे देण्यासारखं आहे का?

तुम्ही विचारलंय की मुलाकडे लंडनला जातोय तर हायगेटची पायी सफर करावी का, आणि मुळात कबरस्तानात बघायचं काय. हा दुसरा प्रश्न माझ्या आईचाही होता. तिला आम्ही "जुनी बाग आहे" असं सांगून नेलं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

स्वेन्स लेन नावाच्या चढाच्या रस्त्याच्या दोन बाजूंना कबरस्तानाचे दोन भाग आहेत. गाईड घ्या तो पश्चिम भागासाठी. १८३९ साली एका खासगी कंपनीने हा भाग सुरू केला, पुढे कंपनीचे पैसे आटले आणि आयव्हीच्या वेलींनी कबरी गिळल्या. १९७५ मध्ये हायगेटप्रेमींनी संस्था काढून साफसफाई हाती घेतली. आजही निम्मं रानच आहे. एकटे फिरलात तर शेवाळलेले दगड दिसतील, बाकी फारसं काही नाही. उलटी मशाल म्हणजे विझलेलं आयुष्य, मोडका खांब म्हणजे अकाली गेलेला माणूस, हे कोणीतरी सांगावं लागतं. इजिप्शियन अव्हेन्यूतून पुढे गेलं की वर्तुळात कोरल्यासारखी दफनाची तळघरं लागतात. मधोमध लेबनॉनचा जुना सीडर (देवदाराच्या जातीचा वृक्ष) होता, कबरस्तानाहूनही जुना. त्याच्याभोवतीची माती उकरून ती रचना केली होती. किडल्यामुळे तो २०१९ मध्ये पाडावा लागला.

आई रमली ती मात्र कुत्र्यापाशी. टॉम सेयर्स हा हातमोज्यांशिवाय लढणारा मुष्टियोद्धा १८६५ मध्ये वारला. त्याच्या अंत्ययात्रेत त्याचा लायन नावाचा कुत्रा मुख्य शोककर्ता म्हणून होता, आणि आता तो दगडाचा होऊन कबरीपुढे बसलाय. "अगं बाई, हा तर रायगडावरचा वाघ्या!" आई म्हणाली. त्यानंतर तिने परत चलण्याचा धोशा लावला नाही. जवळच फिरत्या प्राणिसंग्रहालयाच्या मालकाच्या, वुमवेलच्या कबरीवर त्याचा सिंह नीरो झोपलेला आहे.

पूर्व भाग आपला आपण बघता येतो. कार्ल मार्क्सच्या कबरीवरचं ते अवाढव्य दगडी-धातूचं डोकं १९५६ सालचं. १८८३ मध्ये त्याला पुरलं ती साधी कबर थोडी आडबाजूला होती, तिथून १९५४ मध्ये त्याला इथे हलवलं. सगळे तिथे फोटो काढतात आणि समोरच्या हर्बर्ट स्पेन्सर या इंग्रज तत्त्वज्ञाच्या कबरीकडे पाठ करतात. आगरकरांनी ज्याचं लेखन मन लावून वाचलं तोच हा स्पेन्सर, तेव्हा मराठी माणसाने तरी वळून बघावं. (याच नावाच्या ब्रिटिश दुकानांवरून "मार्क्स अँड स्पेन्सर" हा विनोद तुम्हाला ऐकावाच लागेल.) क्रांतिकारक श्यामजी कृष्ण वर्मा या स्पेन्सरचे मोठे भक्त, आणि त्यांचं भारतीय विद्यार्थ्यांसाठीचं वसतिगृह, इंडिया हाऊस, इथून पायी पंधरा-वीस मिनिटांवर, ६५, क्रॉमवेल अव्हेन्यू. १९०६ मध्ये लंडनला आलेले सावरकर तिथेच राहिले.

बूट चांगल्या पकडीचे घाला, पावसानंतर वाटा निसरड्या होतात. इथे आजही दफन होतं, तेव्हा कोणी शोकात दिसलं तर कॅमेरा खाली. परतताना आर्चवे स्टेशनकडे उतरा, क्रॉमवेल अव्हेन्यू वाटेतच आहे. घरावर सावरकरांच्या नावाची पाटी आहे, पण आत लोक राहतात. बेल वाजवू नका.